तिसाव्या दिवशीचा उमेदवार

काचेबाहेर उभा राहून तो माणूस पाटी वाचत होता. पाटीवर शब्द दोन, 'फार्मासिस्ट पाहिजे', आणि हा बाबा ते तीन मिनिटं वाचतोय. काउंटरमागे उभ्या असलेल्या फार्मासिस्ट बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

पाटी बाईंनी स्वतःच लावली होती, स्वतःच्याच जागेसाठी. परदेशी माणसाचे व्हिसाचे कागद करायचे, तर मालकाने आधी तीस दिवस जाहिरात लावायची. इथला लायक माणूस मिळाला तर जागा त्याची. नाही मिळाला तरच बाईंच्या कागदावर सही. आज तिसावा दिवस. दुकान सहाला बंद व्हायचं होतं आणि वाजले होते पावणेसहा. बाईंचा जुना व्हिसा शुक्रवारी संपत होता.

एकोणतीस दिवस कुणी फिरकलं नव्हतं. कुणी येऊ नये म्हणून तिकडे मायदेशी सासूबाईंनी महिनाभराचं मौनव्रत धरलं होतं. मौनाची मुदत वाढवून मिळेल का, असं सासरे फोनवर रोज विचारायचे.

दार उघडलं.

"ही जागा रिकामी आहे?"

"आहे," त्या जागेवर उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "डिग्री?"

"आहे."

"इथलं लायसन्स?"

"आहे."

बाईंनी काउंटरची कड धरली.

मालक आतून आले. त्यांचा मूळ धंदा चपलांचा. "तुम्हीच घ्या मुलाखत, बाई. यातलं मला काय कळतंय," म्हणाले आणि ऐकायला म्हणून स्टूल ओढून बसले.

अर्ज पुढे सरकवताना तो माणूस वाकून कुजबुजला, "ताई, मला नापास करा."

"काय?"

"तीस वर्षं गोळ्या मोजल्या. आता मधमाश्या पाळतोय. पण बेकारभत्ता चालू राहायचा तर दर महिन्याला कुठूनतरी नकार आणावा लागतो. मिळालेली नोकरी मीच नाकारली तर भत्ता बंद. शिक्का मारा, म्हणजे मी सुटलो."

बाईंना त्याच्या पाया पडावंसं वाटलं. मोठ्याने त्यांनी विचारलं, "तापावर काय द्याल?"

"पंखा."

"आणि खोकल्यावर?"

"समोरच्या दुकानाचा पत्ता."

मालकांनी कपाळाला हात लावला. बाईंनी 'अयोग्य'च्या चौकटीवर पेन टेकवलं.

तेवढ्यात एक आजोबा चिठ्ठी पुढे करत आत आले. रक्त पातळ करायच्या गोळ्या, नेहमीच्या, एक मिलिग्रॅमच्या. बाई हसतच वळल्या. महिन्याभरात पहिल्यांदा हलकं वाटत होतं. डबी काढली, लेबल चिकटवलं, पिशवी पुढे केली.

आजोबांच्या आधी दुसराच हात आला, मधमाश्यावाल्याचा. त्याने डबी काढून घेतली.

"पाचच्या आहेत या, ताई."

काउंटरमागे जाऊन त्याने एकची डबी शोधली, नवीन लेबल लावलं. "आजोबा, संध्याकाळी एकच. आणि डोकं दुखलं तर आपल्या मनाने काही घेऊ नका, आधी इथे येऊन विचारा."

आजोबा मान डोलावून गेले.

मालक उठले. "पाचच्या गेल्या असत्या तर?"

मधमाश्यावाला छताकडे बघायला लागला.

"आतल्या आत रक्तस्राव," बाईच म्हणाल्या. "कदाचित जीवही गेला असता."

मालकांनी ती पाचची डबी हातात घेऊन पाहिली. "बाई, तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लायक माणूस मिळाला नाही, असं सही करून आता कसं देऊ मी?" मग त्या माणसाकडे वळले. "उद्यापासून या."

"अहो, पण माझ्या मधमाश्या..."

"त्या रविवारी पाळा. आणि बाई, शुक्रवारपर्यंत यांना कुठलं कुठे असतं ते दाखवून ठेवा." मालक आत गेले.

"चुकलं माझं, ताई," तो पुटपुटला. "हात गेला."

"जायलाच हवा होता."

बाईंनी कपाट उघडलं. "पहिली गोष्ट. या दोन डब्या शेजारी ठेवायच्या नाहीत." त्या पाचच्या डब्या खालच्या कप्प्यात नेऊन ठेवायला लागल्या. प्रत्येक डबी दोनदा वाचून.