नायक म्हणते

वच्छलानं दोन ताटं वाढली, झोपडीचं दार लोटून घेतलं आणि रिकाम्या बाजेकडे पाहून जरा मोठ्यानंच म्हटलं, "उठा जी, गरम आहे तं खाऊन घ्या."

बाहेर चिंचेखाली टोळी बसली होती. टोळीला ऐकू जायला हवं होतं.

मग तिनं आपलं ताट संपवलं आणि नवऱ्याचंही. दोन वर्षं हेच चाललं होतं. दोघांचं एकटीनं जेवायचं म्हणजे काय शिक्षा असते, ते तिचं तिलाच ठाऊक! घास उतरायचा नाही, पण ताट बाहेर जायचं ते रिकामंच जायला हवं.

कामठीच्या छावणीकडे तांदूळ नेणाऱ्या नावा कन्हान नदीत अडवून लुटायच्या, हा या टोळीचा धंदा. नायक होता रुपराव, वच्छलाचा नवरा. माणूस तापट, हात उगारायला पुढे, पण तिच्यापुरता मायाळू. दोन वर्षांमागे एका सकाळी ती पाण्याला गेली, तर खालच्या वळणावर करंजाच्या मुळ्यांत तो अडकलेला दिसला. गार पडलेला. रात्री मोहाची दारू चढवून पाय घसरला असणार, असं तिनं धरलं.

हंबरडा फोडायला तोंड उघडलं आणि तिला टोळीचा रिवाज आठवला. नायक मेला की त्याची नाव, त्याची हत्यारं आणि त्याची बायको पुढच्या नायकाची. पुढचा म्हणजे गिरिधर. तो बाईकडे कसा बघायचा, ते तिनं पाहिलं होतं.

वच्छलानं रडणं गिळलं. एकटीनं वाळू उकरून नवऱ्याला पुरलं, कपाळावरचं कुंकू नीट केलं आणि परत येऊन टोळीला सांगितलं, "नायक पहाटे आले. लय ताप आहे. म्हणते, आत कोणी येऊ नका. जे सांगायचं ते वच्छला सांगन."

गिरिधरच्या हातातला लोटा खाली पडला. कुणी एका शब्दानं काही विचारलं नाही, तेव्हा वच्छलाचा जीव भांड्यात पडला.

तिथून पुढे 'नायक म्हणते' हेच तिचं हत्यार झालं. नायक म्हणते, आज नाव काढू नका. आणि त्याच दिवशी नेमकी शिपायांची नाव गेली! तिचा बाप कामठीच्या घाटावरचा नावाडी, नदीची चाल तिच्या अंगात मुरलेली. नायक म्हणते, बाईच्या अंगावरच्या दागिन्याला हात लावायचा नाही. गिरिधरनं एका नवरीची नथ ओढली, तर नायक म्हणते, टोळी सोड. रुपरावाला तोंडावर उलटून बोलणारा हा आडदांड गडी, पण त्या दिवशी दाराकडे हात जोडून, पाठ न फिरवता, मागच्या मागे सरकत निघून गेला. वच्छला बघतच राहिली.

मग वरच्या काठाची टोळी येऊन मिळाली, खालची मिळाली. तिनं बोट दाखवावं तिकडे नावा वळत. दर अवसेला चिंचेखाली नारळ यायचा, मोहाची यायची. चिंचेच्या अलीकडे मात्र कुणी पाऊल टाकत नसे; नव्या माणसांना जुनेच ते शिकवत. दरारा म्हणतात तो हाच, असं ती समजून चालली.

पण एवढ्या माणसांची मालकीण, आणि बोलायला कोण? बाज! आधी ती बाहेरच्यांसाठी बाजेशी बोलायची, पुढे खरंच बोलायला लागली. भांडायचीसुद्धा. "एकदा तरी हूं म्हणा ना जी," म्हणायची. विधवा होऊन तिला मोकळं रडताही आलं नव्हतं, बांगड्या फोडता आल्या नव्हत्या. रोज सकाळी आरशात बघून कुंकू लावताना हात जड व्हायचा. फार एकटी पडली होती बिचारी.

त्या संध्याकाळी नत्थूजी चिंचेखाली येऊन उभा राहिला. टोळीतला सगळ्यात म्हातारा माणूस. वच्छला नवी नवरी होऊन आली तेव्हा यानंच तिला पोरीसारखं सांभाळलं होतं.

"बाई, मले नायकाशी बोलाचं आहे," तो म्हणाला. "आजच."

झालं! वच्छलाची पाचावर धारण बसली. तिनं विळा कमरेला खोचला. मग म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. आणि तिला एकदम वाटलं, पुरे आता. या एका माणसाला सांगून टाकू. पुढे टोळी मारो की तारो, पण एकदा कुणाच्या तरी खांद्यावर डोकं टेकून रडू.

तिनं विळा काढून ठेवला आणि दार सताड उघडलं.

"या नत्थूजी, आत या. तुमीच या अन् तुमच्या डोळ्यानं पाहा."

नत्थूजी दोन पावलं मागे सरला. त्यानं डोक्यावरचा दुपट्टा काढून धुळीत ठेवला आणि तिथंच गुडघ्यावर बसला.

"काहून बोलावतं वं माय मले आत?" तो रडत म्हणाला. "त्याले इथूनच सांग, नत्थू पाया पडून राहिला म्हणा. गिरिधरनं मान पाण्यात दाबली अन् पाय म्या धरले होते, जीव जाईपर्यंत सोडले नाई. पण त्या दिवसापासून त्याचा एक हुकूम मोडला नाई आमी. आता तरी सोड म्हणा आमाले."