तीन तुकडे

आल्या-दालचिनीचं बिस्कीट तळहातावर ठेवायचं, बोटाने दाबायचं. नेमके तीन तुकडे झाले, तर मनातलं मागायचं. दर नाताळात हे माझ्या धाकट्या बहिणीलाच जमतं. यिल्वा स्टॉकहोमहून रिकाम्या हातांनी येते आणि तीन तुकडे पाडून जाते. “हिच्या हाताला गुण आहे,” आई म्हणते. बिस्किटं मात्र मी भाजते. यंदा मी तिचं बिस्कीट मुद्दाम जाड लाटलं, वर साखरेने तिचं नाव लिहिलं. यिल्वा दाबून दाबून लाल झाली. “ताई, बिस्कीट आहे की वीट?” “नशीब तुझं,” मी म्हणाले. तेवढ्यात आईने आपलं बिस्कीट तिच्या तळहातावर ठेवलं. “घे गं, मला आता काय मागायचंय?” यिल्वाने नुसतं बोट टेकवलं. तीन तुकडे. “बघ, हाताला गुण लागतो!” आई मला म्हणाली. आईचं म्हणून मी ते सगळ्यांत पातळ लाटलं होतं.