पदरातला कांदा

दामिनी बेटावरच्या दवाखान्यात नर्स झाली, तेव्हापासून दर सणाला तिचा नागपूरला फोन येई. “आई, समुद्र खवळून राहिला, बोट बंद आहे.” “काहून वं? आमची एसटी तर पुरातही येते!” भागीरथाबाई चिडून फोन ठेवत. शेवटी त्या स्वतःच निघाल्या. उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून बांधतात तसा पदरात कांदा बांधून. लहानशी बोट लाटेवर चढली आणि धाडकन खाली आदळली. खाऱ्या पाण्यानं भिजलेल्या भागीरथाबाईंनी गाठीतला कांदा घट्ट धरला. घरून घोकून आणलेलं भांडण कुठल्या कुठे गेलं. धक्क्यावर दामिनी उभी होती. तिनं हात देऊन आईला वर घेतलं. भागीरथाबाईंनी पदराची गाठ सोडली, ओला कांदा लेकीच्या खिशात घातला, शाळेत पाठवताना घालत तसाच. “आता तू नको येऊ वं,” त्या म्हणाल्या. “मीच येत जाईन.”