मधली भिंत

मुकुंदवाडीत छोट्या घरांची इमारत उभी राहत होती. घरं साठ चौरस मीटरच्या आत ठेवली तर बिल्डरला नफ्यावरचा कर माफ होता. साध्या माणसांसाठी जास्त घरं व्हावीत म्हणून सरकारने दिलेली ती सवलत. तिथं काम करणाऱ्या गयास मिस्त्रीनेही तीनशे चार नंबरच्या घरासाठी अर्ज भरला होता.

तीनशे चार आणि तीनशे पाचच्या मधली भिंत बांधायची वेळ आली तेव्हा सुपरवायझर रामकिसन म्हणाला, "चाचा, हिला एक घमेलं सिमेंट अन् दहा वाळू. पाणीबिणी मारत बसू नका."

"का बरं?"

"सांगतो तेवढं करा."

गयासने मान हलवली आणि एकाला चारच वाळू घातली. सात दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारलं.

इमारत पूर्ण झाल्यावर तपासणीचे सरकारी साहेब टेप घेऊन आले. दोन्ही घरं मोजून, सही करून गेले. दुसऱ्या दिवशी रामकिसनने गयासच्या हातात घण दिला.

"मधली भिंत पाडा. दोन्ही घरं एकाच पार्टीनं घेतली. त्यांना हॉल मोठा पाहिजे."

"अन् माझा अर्ज?"

"हाय की फाइलीत. फाइलीला अर्ज लागतेतच."

दुपारपर्यंत जेमतेम चार विटा निघाल्या. रामकिसन वैतागला. "कच्ची बांधा म्हणलं होतं ना, चाचा?"

गयासने घण खाली टेकवला.

"चुकलं, साहेब. घरची समजून बांधली."