सुपा सँडविच

सासूनं पहिला घास तोंडात घातला तशी केशर दारातून पुढं सरकली. कॅमेरा म्हातारीच्या तोंडापासून हातभर लांब. तो धरून उभी असलेली पुण्याची पल्लवी उन्हानं लालभडक झालेली. तिच्या मागे रिसॉर्टचा मॅनेजर शिवानंद हाताची घडी घालून उभा. सकाळीच त्यानं केशरला बजावलं होतं, "अक्का, तुमची सासू नाही म्हणाली तर तो बोर्ड उतरवायचा. आणि उद्यापासून तुम्ही पण येऊ नका."

बोर्ड रिसॉर्टच्या फाटकावरच होता. 'सुपा सँडविच. जंगलातल्या माणसांचं उन्हाळ्यातलं खाणं. दोनशे वर्षांची परंपरा.' नाव शिवानंदनं दिलं होतं, पाहुण्यांना जवळचं सुपा धरण माहीत असतं म्हणून. दोनशे वर्षंही त्यानंच दिली. खरं म्हणजे त्या सँडविचला जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि ते केशरच्या डोक्यातून निघालं होतं.

तेव्हा एप्रिल संपत आला होता. जोयड्याच्या जंगलात कधी नव्हे ते पारा चाळिशीला टेकला होता, आणि त्यातच केशर रांधायची त्या रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातला गॅस संपला. नेमके तेव्हाच बंगळूरचे पाहुणे हटून बसले. उकडतंय, गरम काही नको, पण इथलं म्हणून एखादं सँडविच पाहिजे. इथलं सँडविच! केशरला हसावं की रडावं कळेना. थंडगार गाडीतून उतरायचं, चार पावलं चालून धापा टाकायच्या, मग पंख्याखाली बसून जंगलाचं कौतुक करायचं. असल्या लोकांची तिला मनापासून शिसारी यायची. कुत्र्यासाठी ठेवलेल्या कालच्या नाचणीच्या भाकऱ्या तिनं उचलल्या. त्या वाळून कडक झाल्या होत्या, म्हणून आमसुलाच्या पाण्यात बुडवल्या. दोन भाकऱ्यांच्या मध्ये कैरी, कांदा, ठेचलेली मिरची आणि मीठ भरलं. वरून सागाचं ओलं पान गुंडाळलं.

"आमची जुनी माणसं उन्हाळ्यात हेच खायची," तिनं ठोकून दिलं. "चूल पेटवायची न्हाई. अंगाला थंड पडतं."

पाहुण्यांनी डोळे मिटून खाल्लं. काय चव, काय गारवा, पूर्वजांना केवढी अक्कल! एकानं तर ते पान घडी घालून बॅगेत ठेवलं. कुत्र्याला त्या दिवशी ब्रेड मिळाला. केशर वरून मान डोलवत होती आणि मनातून थुंकत होती. जंगलाचं नाव लावलं की ही माणसं शेणसुद्धा वाटी पुढं करून मागतील. पुढच्याच आठवड्यात बेळगावचे आणि गोव्याचे लोक त्या सँडविचसाठी येऊ लागले. तिचा तिरस्कार आणखी वाढला.

मग खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारी ही पल्लवी आली. तिला नुसतं सँडविच नको होतं. ते खाल्लेलं जुनं माणूस कॅमेऱ्यासमोर हवं होतं. शिवानंदनं नंदिगड्ड्याला केशरच्या घरी जीप पाठवली आणि केशरच्या सासूला, रुक्मिणीला, उचलून आणलं.

त्याआधी केशरनं तिला घरी तीन दिवस पढवलं होतं. पण ही बाई कोण? केशरची सोयरीक जमताना "पोरगा आळशी हाय, बघून द्या," असं केशरच्या बापाला तोंडावर सांगणारी. पंच्याहत्तर वर्षांत एकदाही खोटं बोललेली नाही. पढवताना तिनं हूं की चूं केलं नव्हतं.

आता ती बोळक्या तोंडानं घास घोळवत होती. मध्येच थांबली. हातातलं पान उलटून बघितलं. पुन्हा चावू लागली.

"आजी, तुम्ही पूर्वी हे खायचात?" पल्लवीनं विचारलं.

"व्हय," म्हातारी म्हणाली. "आमी खाल्लंय ह्ये."

पल्लवीनं टाळीच वाजवली. शिवानंदचा चेहरा खुलला. उरलेलं सँडविच म्हातारीनं पानासकट आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीखाली ठेवून दिलं.

केशरची नोकरी वाचली. पण जीपमधून घरी जाताना तिला हायसं वाटण्याऐवजी चीडच येत होती. पाहुणे मूर्ख होते, शिवानंद लबाड होता, ते ठीकच. पण ही? जन्मभर खरेपणाचा तोरा मिरवला आणि एका प्लॅस्टिकच्या खुर्चीसाठी विकली गेली.

वस्तीच्या फाट्यावर दोघी उतरल्या. ऊन डोक्यावर होतं. म्हातारी आंब्याच्या सावलीत टेकली. केशरला राहवलं नाही.

"आत्ती, झ्याक खोटं बोललासा की."

"खोटं कशाला बोलू?" म्हातारी म्हणाली. "धरणाचं पाणी चढलं तवाची गोष्ट. घर सोडून वर आलो. असंच ऊन हुतं. जुन्या चुलीतला इस्तू मडक्यात घेतलेला, नव्या चुलीत घालायला. त्यो वाटंतच इजला. मामंजी म्हणालं, आता देवाचा कौल मिळंपतूर चूल पेटवायची न्हाई. आठ दीस कौल मिळाला न्हाई. वाटंसाठी भाजलेल्या भाकरी तेवढ्या हुत्या, वाळून लाकूड झालेल्या. आमसुलाच्या पाण्यात भिजवायच्या, कैरी घालायची, सागाच्या पानात गुंडाळायचं आन् पोरास्नी द्यायचं. कांदा न्हवता आमच्याकडं."

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

"आवडलं न्हवं तुज्या पावण्यास्नी?"

केशरनं कशीबशी मान हलवली.

"आमास्नी न्हवतं आवडलं," म्हातारी म्हणाली आणि उठून घराकडं चालू लागली.