श्वासाची पाळी

भिंतीवरचं शेवाळ आणखी हातभर तपकिरी पडलं होतं. हेमलताने तोंड जवळ नेलं आणि छाती रिकामी होईपर्यंत श्वास सोडला. हे शेवाळ माणसाच्या उबदार श्वासावर जगायचं आणि सोसायटीची विषारी हवा गाळायचं. म्हणून तर रोज सकाळी सोळा घरांतून एकेकाने अर्धा तास इथे उभं राहायचं, असं सगळ्यांनी हात वर करून ठरवलं होतं.

आजही सोळाजण हजर होते. त्यातले पंधरा घरकामाचे यंत्रमानव होते.

"अहो टिळेकर, यांना श्वास कुठे असतो?" तिने सेक्रेटरींना फोनवर विचारलं. "माणसं पाठवा हो. वर बापूंना धाप लागलीय."

"हजेरी पूर्ण लागतेय, ताई," टिळेकर म्हणाले. "महिनाभर एकही खाडा नाही. आदर्श सोसायटीच्या बक्षिसासाठी आपलंच नाव पुढे आहे. आता त्यात खोट काढू नका."

तिने पंधरा घरांच्या बेल वाजवल्या. दोनच दारं उघडली. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं, "आमचा गेलाय ना खाली."

ती घरी आली तेव्हा तिचे वडील पलंगाखाली चपला शोधत होते.

"बापू, कुठे निघालात?"

"खाली." त्यांना मध्येच थांबावं लागलं. "माणूस कमी पडतोय ना? मी आहे की."

तिला नाही म्हणवेना. तिने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. यंत्रमानवांनी अदबीने सरकून जागा दिली. बापूंनी भिंतीवर कपाळ टेकलं आणि उरलासुरला श्वास थोडा थोडा करून शेवाळाला देऊ लागले.