फ्रांचेस्काला हाक

कुत्री घरी आली, तेव्हा सुनेने मोबाइल धुंडाळून तिच्यासाठी खास इटालियन नाव शोधलं: फ्रांचेस्का. सासूबाईंची कवळी नवी होती, अजून नीट बसली नव्हती. त्यांच्या तोंडून ते नाव दर वेळी "फणचिस्का" असंच निघायचं आणि घरभर हशा पिकायचा. "आई, परत म्हणा ना!" असं म्हणत सुनेने एकदा त्याचा व्हिडिओ काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळे पोट धरधरून हसले. सासूबाईही हसल्या. त्यानंतर मात्र कुत्रीला जवळ बोलवायचं झालं, की त्या नुसती मांडीवर थाप मारायच्या. कुणाच्या ते फारसं लक्षात आलं नाही.

परवा कुरियरवाल्यासाठी सासूबाईंनी दार उघडलं आणि कुत्री त्यांच्या पायांमधून सटकून बाहेर पळाली. रस्त्यावर एका स्कूटरची धडक बसली आणि तिचा मागचा पाय मोडला.

दवाखान्यात पायाला प्लास्टर घालून झालं. मग सुनेला राहवेना.

"आई, कुरियरवाला सांगत होता, ती फाटकापाशी थांबून तुमच्याकडेच बघत होती म्हणे. एक हाक मारली असतीत, तर आली असती हो मागे."

सासूबाईंनी कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरा हात त्यांच्या तोंडावर होता.



"नाव अगदी ओठांवर आलं होतं गं. पण तो परका माणूस समोर उभा होता ना."